जाऊबाईच्या पसंतीचे शर्ट

नागपुरातल्या आमच्या तांडापेठेत, विणकर कोष्ट्यांच्या वस्तीत, कोणाले ऑफिसचा, लग्नाचा कपडा घ्यायचा असला की एकच नाव निघे. कौसल्याबाई. "कौसल्याबाईले संग घेऊन जा, तिची नजर हाय." नजर! त्या नजरेचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. ही कौसल्याबाई म्हणजे माझी मोठी जाऊ, अन् तिच्या नजरेचा चालताबोलता नमुना म्हणजे माझा नवरा.

हे सिव्हिल लाईन्सच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. सकाळी सायकल घेऊन निघाले की नळावरच्या बाया घागरी सोडून पाहत. "काय शर्ट हाय वं देवरावचा! कौसल्याबाईची पसंत असंन." अन् मी तिथंच उभी, डोक्यावर चुंबळ घेऊन. नवरा माझा, शर्ट त्याच्या अंगावर, धुणार मी, अन् पसंत तिची. मग माझं काय राहिलं गा त्यात? तुम्हीच सांगा.

आता खोटं नाही बोलणार. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ मारोतराव, काविळीनं गेले तेव्हा हे शाळेत होते. सासू-सासरे त्याच्याही आधी गेलेले. जाऊबाईले पोरबाळ नाही. दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. ही नाही गेली. नवऱ्याच्या हातमागावर स्वतः बसली, नागपुरी पातळं विणली, अन् दिराले मॅट्रिक करून नोकरीले लावलं. सारी पेठ हे सांगते, मीही सांगते. पण खरं असलं म्हणून माणसाच्या पोटात दुखत नाही काय? मले तर जास्तच दुखे. वाईट बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. ह्यांच्या शर्टाचं कापड घ्यायले आम्ही तिघं गांधीबागेत गेलो. दुकानात जाऊबाई गादीवर अशी बसली जशी घरच्या मागावर. कापडाचा कोपरा घेतला, दोन बोटांत चोळला. पांढरी भुकटी पडली. "कांजी हाय नुसती. एका धुण्यात मच्छरदाणी होते याची. दुसरं दाखव." दुसरं उन्हात धरून पाहिलं, तिसऱ्याची किनार ओढून पाहिली. शेवटी एक फिकट निळं पॉपलीन ह्यांच्या खांद्यावर टाकलं, अन् मागं सरकून, मान जरा वाकडी करून पाहत राहिली. किती वेळ! बाप्पा, मी तर बायको असून कधी असं टक लावून पाहिलं नव्हतं. माझी हिंमतच नव्हती. हे खाली मान घालून उभे, शाळेच्या पोरासारखे.

दुकानदार म्हणते कसा, "बाईची पसंत एक नंबर. साहेब नशीबवान हाय." मग माझ्याकडे पाहून, "अन् ह्या साहेबाच्या लहान बहीण काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय पिशवी धरायले गेली होती? अन् खरं सांगते, पिशवी माझ्याच हातात होती.

तिचं सांगणं सरळ राहे. ऑफिसचा शर्ट साधा पाहिजे, फिकट पाहिजे, कोणत्याही पँटवर चालला पाहिजे. कापड जरा जास्त घ्यायचं, म्हणजे कॉलर विरली की उलटवता येते, अन् उलटवलेली विरली की नवी बसवता येते. "शर्ट नाही मरत, कॉलर मरते," असं म्हणे. अन् शिंप्याले दर वेळी बजावे, "माप सैल ठेव गा, सुती हाय, पाण्यात आटते." तिच्या पसंतीचा शर्ट तीन-तीन वर्षं चाले. हे कसे दिसत? चांगले दिसत. तेच तर दुखणं होतं माझं.

त्यातून आमच्या शेजारच्या सिंधूताईनं आगीत तेल ओतलं. एक दिवस पापड लाटता लाटता म्हणे, "तुले माहीत नाही का वं प्रेमिला? मारोतराव गेले तेव्हा समाजाची मंडळी बसली होती. म्हणे, दीर घरातच हाय, दोन-चार वर्षांनी कौसल्याचा त्याच्यासंग पाट लावून द्या."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आमच्यात तेव्हा होत असे, अन् दिरासंगही होत असे.

"मग?"

"मग काय? कौसल्या नाही म्हणाली. म्हणे, ज्याचा शेंबूड पुसला त्याच्या नावाचं कुंकू लावू काय मी?"

दुसरी कोणी असती तर हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला असता. माझा नाही पडला. नाही म्हणाली, ठीक आहे. पण विचारलं तर होतं ना! म्हणजे ती 'हो' म्हणाली असती तर आज मी कुठं असती? उमरेडले बापाच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली असती. म्हणजे हा नवरा मले तिनं सोडला म्हणून मिळाला. तिच्या ताटातला उरलेला. त्या रात्रीपासून ती ह्यांले भाकर वाढे तरी माझ्या डोळ्यांत खुपे.

तसं पाहिलं तर त्या दोघांचं बोलणं दोन शब्दांचं. ती ह्यांले 'तू' म्हणे, नाव घेऊन हाक मारे. "देवराव, जेव गा." "देवराव, छत्री ने." हे 'वहिनी'पलीकडे काही बोलत नसत. डोक्यावर पदरही घेत नसे ती ह्यांच्यासमोर. पोरासमोर कोण पदर घेते? पण जळणाऱ्याले एवढं कुठं दिसते!

मग चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ह्यांची बढती झाली. आता साहेबाच्या केबिनबाहेर टेबल मिळणार होतं. कोणीही भेटायले आलं, कंत्राटदार असो का पुढारी, आधी ह्यांच्यासमोर उभं राहणार. हे जेवताना म्हणाले, "चार शर्ट तरी चांगले पाहिजेत आता. पण खर्च बेतात बसला पाहिजे." अन् सवयीनं पाहिलं कोणाकडे? वहिनीकडे.

मी भाताचं भांडं दण्णकन खाली ठेवलं. "यावेळी शर्ट मी घेणार."

हे पुन्हा वहिनीकडे पाहू लागले. जाऊबाई शांतपणे म्हणाली, "घेऊ दे ना तिले. तिचाच मान हाय."

घेऊ दे! म्हणजे माझ्या नवऱ्याचा शर्ट घ्यायले मले तिची परवानगी. पण मी मनात म्हटलं, ठीक आहे कौसल्याबाई, असे शर्ट घेईन की नळावरच्या बाया तुझं नाव विसरतीन. एकदा हे माझ्या पसंतीच्या शर्टात त्या गल्लीतून निघाले पाहिजेत, मग मी खरी बायको. एवढंच पाहिजे होतं मले. जास्त नाही मागितलं मी देवाले.

मी गांधीबागेत गेलीच नाही. एकटी बर्डीच्या मोठ्या बाजारात गेली. तिकडे तेव्हा टेरीकॉटची हवा होती. काचेच्या आत पुतळे, पुतळ्यांच्या अंगावर शर्ट, अन् शर्टावर सुरकुती म्हणून नाही. सिंधी दुकानदारानं कापडाचं थान उलगडलं, फिकट बदामी रंग, त्यात केसासारखी बारीक रेघ. "बहनजी, धोओ, झटको, पहनो! इस्त्री की छुट्टी."

इस्त्रीची छुट्टी! तो शब्द माझ्या काळजालेच लागला. कारण रोज सकाळी जाऊबाई कोळशाची इस्त्री पेटवून ह्यांचा शर्ट करे. मी केली तर म्हणे, "सुती हाय, पाणी शिंपडून कर वं, जळन." अन् माझ्या हातातून घेई. गरम गरम शर्ट ती ह्यांच्या हातात देई, अन् हे तो तसाच अंगात घालत. आता इस्त्रीच नाही म्हणजे तिचा हातच नाही. टिकाऊ, वाळायले लवकर, इस्त्रीचा कोळसा वाचला, कांजी वाचली. महाग वाटलं तरी हिशेबात स्वस्तच. मी काय अडाणी नव्हती, सारा विचार केला होता. एकाच थानातून चारही शर्टांचं घेतलं तर भाव कमी करतो म्हणाला, तर चारही घेतले.

तिथून तशीच बळीराम शिंप्याकडे गेली. मापाले ह्यांचा एक शर्ट संग नेलाच होता. म्हटलं, "माप सैल ठेव. दोन-दोन बोटं नाही, चांगलं चार-चार बोटं. लांबी, बाह्या, खांदा, सारंच."

बळीराम म्हणाला, "काहून वं बाई? हे टेरीकॉट हाय. हे आटत नाही."

"सारं आटते. पहिल्या पाण्यात आटत नाही असा कपडा जन्माले नाही आला."

"अवं हा मिलचा..."

"बळीराम, माझा बाप कोष्टी, आजा कोष्टी, सासरा कोष्टी. कोष्ट्याच्या पोरीले तू कपडा शिकवतो काय? अन् हे तर नवीन कापड, जास्तच आटंन. सैल ठेव म्हटलं की सैल ठेव!"

त्यानं कपाळाले हात लावला, अन् सैल ठेवलं. आता तुम्ही हसान. हसा. पण मले कोणी सांगितलं होतं टेरीकॉट काय असते ते? आमच्या घरात कापड म्हणजे सूत, अन् सूत पाण्यात आटते, हे आम्हाले आईच्या दुधासंग कळते. चूक असंन तर ती टेरीकॉटची.

शर्ट शिवून आले तो रविवार होता, हे बंडीवरच झोपले होते, अन् योगायोगानं गल्लीत भांडेवाली आली. जुन्या कपड्यावर स्टीलचं भांडं देणारी. मी घरात गेली अन् जाऊबाईच्या पसंतीचे सारे शर्ट काढून तिच्या टोपलीत घातले. निळं पॉपलीनही. मोठ्ठा स्टीलचा डबा मिळाला. इतकं हलकं वाटलं मले, काय सांगू! जसं काही घरातून सवतच गेली.

मग शर्ट पाण्यात टाकले, आटवायले. वाळवून पाहिले, होते तेवढेच. म्हटलं पाणी थंड होतं. गरम पाण्यात टाकले. तरी तेवढेच. मग मी घाबरली. चुलीवर पातेलं ठेवलं अन् एक शर्ट उकळत्या पाण्यातच टाकला, काठीनं ढवळला. आटते कुठं! मेला उलट अजून चमकून राहिला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ह्यांचा नव्या टेबलाचा पहिला दिवस. आंघोळ करून आले, अंगात शर्ट घातला, अन् आरशासमोर उभेच राहिले. खांदा दंडावर उतरलेला. बाह्यांतून नुसती बोटांची टोकं दिसून राहिली होती.

"हे काय होय वं?"

"आटंन," मी म्हटलं. "दोन धुण्यांत आटंन."

"दोन धुण्यांत? मी आज घालू काय? माझा निळा काढ."

मी त्याच बाह्या ओढून सरळ करू लागली.

"निळा काढ म्हटलं ना! पांढरा काढ!"

"डब्यात गेला," मी म्हटलं. अन् त्या स्टीलच्या डब्याकडे बोट केलं.

लग्नानंतर हे कधी माझ्यावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "डोकं फिरलं काय तुझं? आजच्या दिवशी? त्या शर्टांनी तुझं काय घोडं मारलं होतं वं?" मीही मागं हटली नाही. म्हटलं, "तुम्हाले माझं काहीच गोड लागत नाही! सैल तर सैल, बायकोच्या पसंतीचं हाय, घाला!" अन् रडू लागली. घड्याळ काही थांबत नव्हतं. मग ह्यांनी रागारागानं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, शर्ट पँटीत खोचला, सायकलची किल्ली घेतली, अन् मागाच्या खोलीतून बाहेर निघाले. निघायची वाट तिकडूनच होती.

मागाचा खडखडाट चालू होता. तो एकाएकी थांबला.

मी पाठोपाठ दारात आली. जाऊबाई मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून उठून उभी राहिली होती. सूत फेकायचा धोटा हातातून सुटून खाली पडला होता. दारातून उजेड येत होता, अन् त्या उजेडात हे उभे. त्या ढगळ्या शर्टात एकदम रुंद दिसून राहिले होते, भरलेल्या अंगाचे, कोपरापर्यंत बाह्या चढवलेले.

जाऊबाईनं डोक्यावर पदर घेतला. भिंतीकडे सरकली. अन् हळूच म्हणाली, "अवो, जेवून तर जा."

अवो.

आमच्याकडे बाई 'अवो' असं एकालेच म्हणते. त्या आवाजात मी तिले कधीच ऐकलं नव्हतं. तो काही दिराले हाक मारायचा आवाज नव्हता, अन् विधवेचाही नव्हता. नव्या नवरीचा होता. माझ्यापेक्षा लहान पोरीचा.

हे हातात किल्ली धरून तसेच. मग म्हणाले, "वहिनी... मी होय. देवराव."

तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. पदर खाली केला. "हो. तूच तर हाय. अजून कोण असंन?" खाली वाकून धोटा उचलला. "जाय गा, उशीर होते तुले." अन् मागावर जाऊन बसली. पण हे गेल्यावर किती तरी वेळ तो माग चालला नाही.

माझे भासरे मी पाहिले नव्हते. घरात फोटोही नव्हता. सिंधूताईले विचारलं, कसे होते वं ते दिसायले? ती म्हणे, "देवरावसारखेच. अंगानं मोठे. कधी बाह्या खाली नाही सोडल्या मारोतरावनं, कोपराच्या वरच."

ऑफिसात ह्यांचं त्या दिवशी काय झालं असंन? हसले लोक थोडे, अन् विसरले. संध्याकाळी मी मुकाट शर्ट गोळा केले, बळीरामकडे न्यायले, मापात करून आणायले. दारात जाऊबाई आडवी आली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याजवळ कधी मिठाचा खडा मागितला नव्हता.

"तीन ने," ती म्हणाली. "एक मले देशीन काय?"

मी दिला. ज्यात हे सकाळी गेले होते तोच दिला. का दिला, मले माहीत नाही. मनात तर नोको वाटून राहिलं होतं. माझ्या पसंतीचा पहिला शर्ट, अन् तोही तिनंच घ्यावा?

ती त्याले ट्रंकेत ठेवणार, देवाजवळ ठेवणार, असं मले वाटलं होतं. तसं काही नाही. थंडी पडली तसा तिनं तो चोळीवरून अंगात घातला, बाह्या दुमडल्या, अन् मागावर बसली. आमच्या पेठेत कामाच्या बाया घालतच असत नवऱ्याचा जुना शर्ट, कोणाले त्यात काही वाटलं नाही. मग ती दर थंडीत घाले. टेरीकॉट ते, फाटते कुठं! ह्यांचे तिन्ही गेले, तिचा चालूच होता. ती मरेपर्यंत चालला. स्वस्तच पडला म्हणायचा.

त्यानंतर तिनं ह्यांच्या शर्टाले कधी हात लावला नाही. पसंत माझी झाली. फिकट रंग, साधा, कॉलरले कापड जास्त, टेरीकॉट असंन तर माप नेमकं. नळावरच्या बाया म्हणू लागल्या, "प्रेमिलाची नजर हाय." जे पाहिजे होतं ते मिळालं. पण तुम्हाले वाटंन माझं जळणं थांबलं, तर नाही थांबलं. आधी मी जळत होती की ती माझ्या नवऱ्याकडे पाहते. आता मले कळलं होतं की तिनं त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. ती पाहत होती तिच्या माणसाले. मेलेल्या माणसाले अशी हाक मारणारी बायको होती ती, अन् माझा नवरा तर जिवंत होता, रोज समोर पाटावर बसून जेवत होता, अन् मी त्याले त्या आवाजात कधी 'अवो' म्हटलं नव्हतं. मले येतच नव्हतं. म्हणून पाहिलं एकदोनदा, एकटी असताना. नाही निघाला तसा आवाज.

एक दिवस राहवलं नाही. हे जेवत होते, मी भाकर वाढत होती. म्हटलं, "अवो, मी मेली अन् कोणी माझं पातळ नेसून दारात उभी राहिली, तर तुम्हाले वाटंन काय, की मीच होय?"

ह्यांनी घास थांबवला. माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला. मग म्हणाले, "कोणतं पातळ?"